आबांची रास चौदाची कशी निघाली?

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात कोणाची बाग कशी झाली हे विचारायचं असेल तर एकरी उत्पन्न कोणी विचारत नाही. "रास काय पडली?" एवढंच विचारतात. रास म्हणजे घडामागे पडलेलं सरासरी वजन. वीसची रास म्हणजे घड सरासरी वीस किलोचा. भाव व्यापारी ठरवतो, बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघून ठरवतो. रास मात्र ज्याची त्याची. खत, पाणी, घडाची निगा, सगळं त्या एका आकड्यात उतरतं. म्हणून चारचौघांत कोणाची रास कमी वाचली गेली तर तो हिशोबाचा वाद राहत नाही, अब्रूचा होतो.

असाच एक वाद माझ्याकडे आला. मी सावद्याकडे कॉम्प्युटरचे क्लास घेतो. एकोणीस शेतकऱ्यांचा एक गट आहे, माल एकत्र देतात, हिशोब एकत्र ठेवतात. पूर्वी हा हिशोब गटातलेच एक शेतकरी, आबा, वहीत ठेवायचे. डोळे थकले तसा त्यांनी तो पुतण्याकडे दिला. पुतण्या माझ्याकडे शिकून गेलेला, हुशार, त्याने वही बंद करून एक्सेलची शीट सुरू केली. मृगबागेची, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या बागेची, कापणी सरत आली तेव्हा गटाची बैठक बसली, मोबाइलवरून रास वाचली गेली आणि आबांच्या नावापुढे आकडा निघाला १४.३७.

"चौदाची रास?" आबा म्हणाले. "माह्या बागेले वारं लागलं व्हतं का?"

कोणी हसलं, कोणी गप्प बसलं. दुसऱ्या दिवशी पुतण्या लॅपटॉप घेऊन दारात. "सर, फॉर्म्युला बरोबर आहे. दहादा बघितला."

फॉर्म्युला खरंच बरोबर होता, म्हणजे शाळेतल्या व्याख्येप्रमाणे. एकूण वजन भागिले एकूण घड, गुणिले शंभर, कारण वजन क्विंटलमध्ये. आबांच्या परवानगीने त्यांच्या चार कापण्या इथे देतो, आकडे थोडे गोल केले आहेत. फॉर्म्युले देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये टाकताना नावं, रकान्यांची अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाकायचे.

| ओळ | घड (डी) | वजन, क्विंटल (ई) | भाव, रुपये (एफ) | रक्कम (जी) | उचल (एच) |
|---|---|---|---|---|---|
| २ | ४२० | ८४.० | १,५०० | १,२६,००० | ३०,००० |
| ३ | ३८० | ७२.२ | १,४५० | १,०४,६९० | |
| ४ | ३५० | | १,६०० | ० | २५,००० |
| ५ | २५० | ४५.० | | ० | |

पहिले तीन रकाने तारीख, नाव आणि बागेचा प्रकार (नवती म्हणजे नवी लागवड, की पिलबाग म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेली) यांचे, ते इथे गाळले आहेत. चौथ्या ओळीत वजन नाही, कारण गाडी भरायची घाई होती आणि भुईकाट्याची पावती ड्रायव्हरच्या खिशातच राहिली. पाचव्या ओळीत भाव नाही, कारण व्यापारी म्हणाला, "दोन दिवसांनी सांगतो." आमच्याकडे यात नवल काही नाही. माल शेतातून आधी जातो, त्याचे आकडे मागून येतात.

रास काढणारा फॉर्म्युला असा होता:

=सम(ई२:ई५)/सम(डी२:डी५)*१००

वर ८४, ७२.२ आणि ४५ मिळून २०१.२ क्विंटल. खाली ४२०, ३८०, ३५०, २५० मिळून १,४०० घड. भागाकार १४.३७. चौथ्या कापणीचे साडेतीनशे घड छेदात मोजले गेले आणि त्यांचं वजन अंशात आलंच नाही. म्हणजे शीटच्या मते आबांनी साडेतीनशे घड हवेचे दिले. ते घड छेदातून काढले तर २०१.२ भागिले १,०५०, म्हणजे १९.१६. आबांचा स्वतःचा अंदाज 'एकोणीसच्या वर' होता.

'सम' रिकामा सेल सोडून देतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यामुळेच सगळे निर्धास्त असतात. पण दोन बेरजांचा भागाकार करताना एका बेरजेने जी ओळ सोडली तीच दुसरीने सोडायला हवी, आणि 'सम'ला शेजारच्या रकान्यात काय चाललंय याचा पत्ता नसतो.

एका माणसाचे तीन भाव

रास कळली तशी मी भावाकडे वळलो. तिथे तर तीन वेगळे आकडे तीन वेगळ्या जागी बसले होते.

वरच्या पट्टीत =अ‍ॅव्हरेज(एफ२:एफ५) होता. 'अ‍ॅव्हरेज'ही रिकामा सेल मोजत नाही, म्हणून १,५००, १,४५० आणि १,६०० यांची सरासरी आली १,५१७. गटाच्या गोषवाऱ्यात मात्र एकूण रक्कम भागिले एकूण वजन असं होतं. रक्कम हा =ई४*एफ४ असा साधा गुणाकार, आणि गुणाकारात एक्सेल रिकाम्या सेलला शून्य समजतं. त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या ओळीची रक्कम शून्य झाली. पण पाचव्या ओळीचं ४५ क्विंटल वजन छेदात उभंच. २,३०,६९० भागिले २०१.२, म्हणजे १,१४७. बैठकीत हाही आकडा वाचला गेला होता, आणि व्यापाऱ्याने आबांना साडेतीनशेने कमी भाव लावला, असं दोघांनी बोलूनही टाकलं होतं. ज्या कापण्यांचा हिशोब पूर्ण झाला त्यांचाच खरा भाव काढला तर २,३०,६९० भागिले १५६.२, म्हणजे १,४७७.

एकाच शीटवर, एकाच माणसाचे, तीन भाव. आणि तिन्ही ठिकाणी एकही त्रुटी नाही. त्रुटी दिसली असती तर पुतण्या बैठकीच्या आधीच माझ्याकडे आला असता.

इथे रिकाम्या सेलचा स्वभाव एकदा नीट बघून घ्यायला हवा, कारण तो जागा बदलली की बदलतो. बेरीज-वजाबाकी-गुणाकाराच्या चिन्हांत तो शून्य होतो. 'सम', 'अ‍ॅव्हरेज', 'मिन', 'मॅक्स' यांच्या पट्ट्यात तो अदृश्य होतो. =एफ५ असं लिहून तो दुसरीकडे आणला तर तिथे ० दिसतो. =एफ५=० विचारलं तर 'हो' म्हणतो, =एफ५="" विचारलं तरी 'हो' म्हणतो. गावात अशी माणसं असतात; प्रत्येक ओट्यावर त्या ओट्यासारखं बोलतात.

शून्य भरण्याचा उपाय

पुतण्याने मला मध्येच थांबवलं. "सर, मग मी मागच्या हंगामात केलं तेच करू का? सगळीकडे शून्य भरून टाकतो." कोणीतरी त्याला युक्ती दाखवली होती: पट्टा निवडायचा, एफ-फाइव्ह दाबून 'स्पेशल'मधून 'ब्लँक्स' घ्यायचं, ० टाइप करून कंट्रोल-एंटर. क्षणात शेकडो रिकामे सेल भरतात. शीट स्वच्छ दिसते.

मी त्याला आबांच्या चार ओळींवर करून दाखवायला सांगितलं. भावाची सरासरी १,५१७ होती ती १,१३८ झाली, कारण 'अ‍ॅव्हरेज'ला शून्य हा खराखुरा आकडा आहे. रास चौदाची चौदाच राहिली. पण यापेक्षा मोठं नुकसान दुसरंच, आणि ते आकड्यात दिसत नाही: पावती यायची बाकी आहे की माल खरंच शून्याला गेला, हे आता कोणालाच कळणार नाही. आणि केळीत माल शून्याला जातो. गाडी उशिरा आली, घड पिकून फुटले, व्यापाऱ्याने घेतले नाहीत, बांधावर टाकले; त्या ओळीत भाव ० लिहायचा तो खरा शून्य.

मी त्याला आबांची वही आणायला सांगितली. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी. वहीत मला तीन प्रकारच्या रिकाम्या जागा दिसल्या. कापणीच नव्हती त्या तारखेला आबांनी आडवी रेघ मारलेली. पावती किंवा भाव यायचा असेल तिथे पेन्सिलने 'बा' (बाकी) लिहून गोल केलेला. आणि उचलीच्या रकान्यात काहीच नसेल तर काहीच नाही, कोरं. उचल घेतली नाही तर लिहायचं कशाला? एका रेघेत 'लागू नाही', एका गोलात 'आहे पण माहीत नाही', एका कोऱ्या जागेत 'शून्य'. शीटवर आल्यावर तिन्हीचं एकच झालं होतं.

पुतण्या वहीकडे बघत राहिला. "हे आबांनी कधी सांगितलंच नाही."

सांगणार काय? त्यांच्या लेखी ते उघडच होतं.

तर कामाची सुरुवात फॉर्म्युल्याने झाली नाही. आम्ही रकान्यागणिक ठरवलं. उचलीचा रकाना रिकामा म्हणजे शून्य. तिथे एक्सेल जे करतं ते आपल्याला हवं तेच आहे. वजन आणि भाव रिकामा म्हणजे 'अजून कळलेलं नाही'. तिथे शून्य अजिबात चालणार नाही, उत्तरही 'अजून कळलेलं नाही' असंच आलं पाहिजे. घड, वजन, भाव तिन्ही रिकामे म्हणजे कापणीच नाही. ती ओळ मोजायचीच नाही.

पंचवीस हजार कुठे गेले

पुतण्याने यानंतर स्वतःच रकमेचा फॉर्म्युला बदलला:

=इफ(ऑर(ई४="",एफ४=""),"",ई४*एफ४)

म्हणजे वजन किंवा भाव नसेल तर रक्कम कोरी. कल्पना चांगली. जी४ आणि जी५ कोरे दिसू लागले. पण उचल वजा जाता बाकी काढणाऱ्या रकान्यात =जी४-एच४ होतं, तिथे लगेच त्रुटी उभी राहिली, 'व्हॅल्यू'वाली.

कारण असं की फॉर्म्युल्याने दिलेलं "" हे डोळ्याला कोरं असलं तरी एक्सेलच्या लेखी ते अक्षर आहे, शून्य लांबीचं अक्षर. कोऱ्या सेलमधून पंचवीस हजार वजा होतात. अक्षरातून होत नाहीत. 'इझब्लँक' असल्या सेलला 'रिकामा नाही' म्हणतो, कारण आत फॉर्म्युला आहे. 'काउंटए' त्याला भरलेला धरतो, 'काउंटब्लँक' त्यालाच रिकामा धरतो. या दोघांची बेरीज केली तर सेल आहेत त्याहून जास्त भरतात. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला चेष्टा वाटते.

त्रुटी दिसली की पोरं काय करतात ते मला पाठ आहे. पुतण्याने माझ्यासमोरच लिहिलं:

=इफएरर(जी४-एच४,०)

'इफएरर' २००७ च्या एक्सेलपासून आहे आणि तेव्हापासून कचरा गालिचाखाली सारण्याच्या कामी येतो. त्रुटी गेल्या. खाली एकूण बाकी आली: २,००,६९०. मी काही बोलणार तेवढ्यात आबा, जे इतका वेळ दारापाशी खुर्चीत बसून होते, म्हणाले, "मास्तर, हे जास्त व्हतंय. मी दोनदा उचल घेतली. तीस आन् पंचवीस."

हिशोब मांडला. रक्कम २,३०,६९०, उचल ५५,०००, बाकी १,७५,६९० यायला हवी. शीट २,००,६९० म्हणत होती. चौथ्या ओळीत रक्कम कोरी, म्हणून वजाबाकी फसली, म्हणून 'इफएरर'ने शून्य ठेवलं, आणि त्या शून्याबरोबर आबांची पंचवीस हजारांची उचलही गिळली. रास चौदाची निघाली तेव्हा आबा चिडले होते. इथे चूक त्यांच्या फायद्याची होती आणि ती पकडलीही त्यांनीच. 'इफएरर' वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो कोणती चूक झाली हे विचारत नाही. छेद शून्य असो, नाव चुकलेलं असो की उचल गिळली जात असो, त्याला सगळं सारखंच.

बाकी काढणारा फॉर्म्युला आम्ही असा केला:

=सम(जी४)-सम(एच४)

एकाच सेलचा 'सम' बघायला विचित्र वाटतो, पण तो पट्ट्यातलं अक्षर सोडून देतो, म्हणून कोऱ्या रकमेतून उचल वजा होऊन उत्तर येतं −२५,०००. आणि ते खरंच आहे: या मालापोटी आबा पंचवीस हजार घेऊन बसलेत, मालाचे पैसे अजून धरलेले नाहीत. 'एन' या फंक्शननेही हेच साधतं, =एन(जी४)-एन(एच४); मला 'सम' बरा वाटतो कारण तो गटातल्या बाकीच्यांनाही वाचता येतो.

मोजून मग गुणायचं

रकमेच्या फॉर्म्युल्यातली ती ="" तपासणीही टिकली नाही. गटातल्या दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या ओळीत वजनाचा सेल कोरा दिसत होता आणि तरी रकमेत त्रुटी येत होती. =लेन(ई११) टाकून बघितलं तर उत्तर १. कोणीतरी मोबाइलवर आकडा पुसण्यासाठी स्पेस दाबून ठेवली होती. ती स्पेस "" च्या बरोबरीची नसते, 'इझब्लँक'लाही ती रिकामी वाटत नाही, आणि तिचा गुणाकार होत नाही. दुसऱ्या एका ओळीत '-' होतं, तिसऱ्यात 'पावती यायची'.

प्रत्येकासाठी वेगळी अट लिहीत बसण्यापेक्षा प्रश्नच उलटा विचारला. सेल रिकामा आहे का, असं न विचारता विचारायचं: दोन्ही सेलमध्ये आकडा आहे का?

=इफ(काउंट(ई२:एफ२)=२,ई२*एफ२,"")

'काउंट' फक्त आकडे मोजतो. कोरा सेल, "", स्पेस, रेघ, मजकूर, काहीही असलं तरी दोनाचे दोन भरत नाहीत आणि रक्कम कोरी राहते. भाव खरोखर ० लिहिला असेल तर तो आकडा आहे, मोजला जातो, रक्कम ० येते. आम्हाला हवं होतं ते हेच, आणि एका ओळीत. याची एक खोच आहे: आकडा अक्षर म्हणून साठवला गेला असेल, म्हणजे सेलच्या कोपऱ्यात तो हिरवा त्रिकोण असेल, तर 'काउंट' त्यालाही मोजत नाही. ती ओळ अपूर्णच राहते. मला ते चालतं. चुकीची रक्कम दाखवण्यापेक्षा ओळ अडून बसलेली बरी, कोणीतरी विचारतं तरी.

राशीसाठी अंश आणि छेद दोघांनाही एकच अट लावली:

=समइफ्स(ई२:ई५,डी२:डी५,">०",ई२:ई५,">०")/समइफ्स(डी२:डी५,डी२:डी५,">०",ई२:ई५,">०")*१००

लांब आहे, पण सांगणं सोपं: ज्या ओळीत घडही आहेत आणि वजनही, तेवढ्याच ओळी वरही घे आणि खालीही घे. आबांचं उत्तर १९.१६. आबांनी मान हलवली, बाकी काही नाही.

भावासाठी वजनाची बेरीज रकमेच्या रकान्यावरून गाळली:

=सम(जी२:जी५)/समइफ(जी२:जी५,">=०",ई२:ई५)

इथे ">=०" की ">०" यावरून बरीच चर्चा झाली. पुतण्याचं म्हणणं, फेकलेल्या मालाचा भाव सरासरीत कशाला, तो आपल्याला मिळालेला भावच नाही. आबांचं म्हणणं, "फेकला तो बी मालच व्हता." मी आबांच्या बाजूने. खरा शून्य सरासरीत यायलाच हवा. तो गाळला तर वाईट हंगामही चांगला दिसतो. 'समइफ'च्या ">=०" या अटीत कोरा सेल किंवा "" बसत नाही, शून्य बसतो, म्हणून हा फरक एका चिन्हावर सांभाळता येतो. =अ‍ॅव्हरेजइफ(एफ२:एफ५,"<>०") असा सल्ला पुष्कळ जण देतात; ज्यांच्या शीटवर शून्य म्हणजे नेहमीच 'भरलं नाही' असतं त्यांना तो ठीक. आमच्या नाही.

मग प्रत्येक ओळीपुढे स्थितीचा एक रकाना (जे):

=इफ(काउंट(डी२:एफ२)=३,"पूर्ण",इफ(काउंट(डी२:एफ२)=०,"कापणी नाही","बाकी"))

आणि वर, राशीच्या शेजारीच, =काउंटइफ(जे२:जे५,"बाकी"). आबांपुढे तिथे २ आलं. रास १९.१६, पण दोन कापण्या बाकी. बैठकीत आकडा वाचायचा तर दोन्ही मिळून वाचायचा, एवढी एकच अट मी पुतण्याला घातली. तो 'बाकी'चा आकडा म्हणजे आबांचा पेन्सिलचा गोलच, फक्त दुसऱ्या जागी.

"आन् आंदाज?" आबांनी विचारलं. "पावती येवस्तोर काय धरायचं?" रास्त प्रश्न आहे, घरात पैशांची गरज असते. ३५० घड, १९.१६ ची रास, म्हणजे सुमारे ६७ क्विंटल, १,६०० ने एक लाख सात हजारांच्या आसपास. तो अंदाज आम्ही वेगळ्या रकान्यात ठेवला, वेगळ्या रंगात, आणि वजनाच्या रकान्यात तो टाकायचा नाही असं ठरलं.

मागून निघालेल्या गोष्टी

पुढच्या आठवड्यात पुतण्याचे फोन येत राहिले. त्याने भाव वेगळ्या शीटवर तारखेप्रमाणे लिहून 'व्हीलूकअप'ने ओढायला सुरुवात केली होती. त्या शीटवर भाव कोरा असेल तर 'व्हीलूकअप' कोरं न आणता ० आणतो, आणि मग आमचा 'काउंट' फसतो, कारण शून्य हा आकडा आहे. तिथे =इफ(व्हीलूकअप(…)="","",व्हीलूकअप(…)) असं दोनदा लिहावं लागलं.

मग म्हणाला, चौदाशेच्या वरच्या भावापुढे 'चांगला' लिहिणारा फॉर्म्युला कोऱ्या भावालाही 'चांगला' म्हणतोय. =इफ(एफ५>१४००,"चांगला","कमी"). एक्सेलमध्ये तुलना करताना कोणतंही अक्षर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठं असतं, आणि "" हे अक्षर. रिकामा भाव दहा लाखांपेक्षाही मोठा ठरतो. व्यापाऱ्यांनी हे शिकू नये.

उलट बाजूला, चौदाशेच्या खालचे भाव लाल करणारं कंडिशनल फॉरमॅटिंग, तिथे हाताने भरायचे कोरे सेल शून्य धरून लाल होत होते. नियम =अँड(काउंट(एफ२)=१,एफ२<१४००) केला आणि वरच्या 'चांगला'च्या अटीतही तीच तपासणी घातली. आलेखाची रेघ 'बाकी'च्या तारखांना तळाला आपटत होती, तर आलेखापुरता एक वेगळा रकाना करून तिथे "" ऐवजी =एनए() ठेवायला सांगितलं; त्याने बिंदू काढला जात नाही. तो रकाना लपवू नको म्हटलं, लपवला तर आलेखच गायब होतो. त्याने लपवला. फोन आला.

मोबाइलवर तो गूगल शीट्स वापरतो. तिथे =इफ(अट,,…) अशी मधली जागा मोकळी सोडली तर खरोखरचा कोरा सेल परत येतो, आणि पुढच्या वजाबाक्या फसत नाहीत. सोयीचं आहे. तीच फाइल एक्सेलमध्ये तशीच लिहिली तर मोकळ्या जागेचं ० होतं. गटात दोन्ही वापरणारे आहेत, म्हणून ती सोय घ्यायची नाही असं ठरवलं.

पावती आली

भुईकाट्याची पावती नवव्या दिवशी मिळाली: ६६.५ क्विंटल. पाचव्या ओळीचा भाव त्याआधीच कळला होता, १,५५०. दोन्ही आकडे टाकले आणि 'बाकी' २ वरून ० झाली. एकूण रक्कम ४,०६,८४०, वजन २६७.७ क्विंटल, रास १९.१२, भाव १,५२०, उचल वजा जाता बाकी ३,५१,८४०. गंमत म्हणजे सुरुवातीला पट्टीत बसलेली ती साधी सरासरी, १,५१७, शेवटच्या आकड्याच्या सगळ्यांत जवळ निघाली. पुतण्याने ते बरोबर हेरलं आणि मला ऐकवलं. योगायोग होता. चौथ्या कापणीचा भाव जास्त होता आणि तो तिच्या वजनाशिवायच सरासरीत बसला होता, एवढंच. तरी त्या दिवशी मला फार बोलता आलं नाही.

पुढच्या बैठकीत आबांची रास १९.१२ वाचली गेली. ज्याने मागच्या वेळी हसून घेतलं होतं त्याची १८.४ होती.

राहिली मागच्या हंगामाची शीट, ज्यात कंट्रोल-एंटरने शून्य भरले होते. त्या हंगामात वही अर्धवट चालू होती, म्हणून आम्ही दोघे आणि आबा एक दुपार वही आणि शीट शेजारी ठेवून बसलो. वजन आणि भावाच्या रकान्यांत मिळून एकतीस शून्यं होती. चौदा ठिकाणी वहीत पेन्सिलचा गोल होता, त्यांच्या पावत्या शोधून आकडे घातले. पाच ठिकाणी आडवी रेघ होती. तीन ठिकाणी आबांना आठवत होतं की माल बांधावर टाकला होता, ती शून्यं ठेवली. उरलेली नऊ वही बंद झाल्यानंतरची आहेत. त्या सेलना पिवळा रंग देऊन ठेवलाय, आणि त्या हंगामाची रास अजून कोणालाही सांगितलेली नाही.